तिसऱ्या चालीतली शीळ

मामाच्या कारखान्यात दुपारी तीन ते चार कोणी बोलायचं नाही, असा नियम कोणी केला नव्हता, तरी सगळे तो पाळायचे. त्या वेळी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत यायचं, फळ्यांवरून सावकाश चढत वर जायचं, आणि दिवसभर गारठून बसलेलं पितळ ऊब धरायला लागायचं. मग कुठल्यातरी गाणाऱ्या पेटीच्या पोटातली पिळाची कमान जराशी सैलावायची आणि एखादा सूर कोणी न बोलावताच बाहेर पडायचा. टिंग. एकच. पुढचा सूर यायला कधी दहा मिनिटं, तर कधी दुसरा दिवस. भिंगरीला लहानपणी वाटायचं, पेट्या झोपेत बडबडतात. आता ती नववीत होती, कमान, रूळ, फणी, पंखा सगळं तिला तोंडपाठ होतं, तरी तिला अजूनही तसंच वाटायचं. फक्त वर्गात कोणाला सांगायची सोय नव्हती.

भिंगरी हे नाव मामानेच ठेवलेलं, कारण ही मुलगी एका जागी बसेल तर शपथ. आईची इस्पितळात शिफ्टची नोकरी, त्यामुळे शाळा सुटली की दप्तरासकट स्वारी मामाच्या दारात. मामा जुनी, आपोआप वाजणारी वाद्यं दुरुस्त करून विकायचा. किल्ली दिली की गाणाऱ्या पेट्या, हाताने फिरवायचे ऑर्गन, कागदाच्या भोकांवर वाजणारा पियानो, आणि एकदा तर पिंजऱ्यात मान वळवून गाणारं पत्र्याचं पाखरू. पूर्वी गिऱ्हाइकं दुकानात यायची. हल्ली मामी म्हणायची, "आपल्याकडे माणसं येतात ती फक्त पत्ता विचारायला."

म्हणून मग ऑनलाइन लिलाव. ही कल्पना भिंगरीची आणि ती ते कोणाला विसरू द्यायची नाही. फोटो ती काढायची, व्हिडिओ ती करायची, वर्णन ती लिहायची, जगाच्या पाठीवरून येणाऱ्या प्रश्नांना उत्तरंही तीच द्यायची, कारण मामा टाईप करायचा तो कोंबडीने दाणे टिपावेत तसा, एक-एक अक्षर, मध्ये मान वर करून. विकलेली वस्तू गुंडाळायचं खातं मामीचं. मामीने बांधलेलं खोकं जिन्यावरून गडगडत खाली गेलं तरी आतल्या काचेला ओरखडा येत नसे. एकदा खरंच गडगडलं होतं, म्हणून ठाऊक.

मामाचा व्हिडिओबाबत एकच हट्ट होता. किल्लीच्या पहिल्या पिळापासून शेवटच्या सुरापर्यंत सलग, मध्ये कुठे कापायचं नाही. "कापलं की लोकांना वाटतं काहीतरी लपवलंय," तो म्हणायचा, "आणि बहुतेक वेळा लपवलेलं असतंच." आणि प्रत्येक वर्णनाच्या शेवटी एक ओळ ठरलेली: फणी कानाने जुळवली आहे. पेटीत पितळी रूळ फिरतो, रुळावर हजारो बारीक काटे असतात, ते काटे पोलादी फणीच्या दातांना छेडून जातात आणि सूर उमटतात. बाकीचे दुकानदार ते दात यंत्र लावून जुळवायचे. मामा डोळे मिटून जुळवायचा. लोक बोली लावायचे ती पेटीवर खरी, पण पाव हिस्सा तरी मामाच्या कानांवर.

त्या महिन्यात विकायला निघाली ती मोठी पेटी. अक्रोडाचं लाकूड, रूळ भिंगरीच्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब, फणीला बहात्तर दात, आणि सहा चाली. एक चाल संपली की रूळ केसभर बाजूला सरकायचा आणि दुसरी सुरू व्हायची. पेटी आली तेव्हा फणीच्या अगदी वरच्या सुरांच्या तीन दातांची टोकं तुटलेली होती. मामाने चार महिने खपून नवी टोकं बसवली. मग एके दिवशी हात पुसत म्हणाला, "भिंगरे, ही तू लिही. मी वाचणारसुद्धा नाही."

आजवर तिचा प्रत्येक शब्द मामाच्या चष्म्याखालून गेल्याशिवाय बाहेर पडला नव्हता. त्या दिवशी भिंगरी घरी चालत गेली म्हणे, पण पाय जमिनीला लागल्याचं तिला काही आठवत नाही. ही पेटी नीट विकली गेली की पुढचं सगळं दुकान आपल्या शब्दांवर चालणार, हे तिने मनोमन ठरवून टाकलं.

लिलाव सात दिवसांचा. रविवारी संध्याकाळी सहाला संपणार. शुक्रवारपर्यंत अकरा जण चढाओढीने बोली लावत होते आणि त्यात सगळ्यांत पुढे होती खारूताई. हे तिचं त्या साइटवरचं नाव. खरी कोण, कुठली, कोणास ठाऊक. तिचे प्रश्न मात्र वर्मावर बोट ठेवणारे. शुक्रवारी तिने लिहिलं, "तिसऱ्या चालीच्या शेवटी अगदी वरचे तीन सूर येतात, तेव्हा वाऱ्यासारखं काहीतरी ऐकू येतं. ते काय आहे?"

भिंगरीने कानात इअरफोनची बोंडं खुपसून व्हिडिओ ऐकला. होतं खरं. सुराच्या अंगाला चिकटलेला बारीक वारा. पण हे तर नेहमीच असतं, तिच्या मनात आलं. मामाच्या सगळ्याच पेट्यांत असतं. तिला ते कधी वेगळं ऐकूच आलं नव्हतं, आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही तसं. ते काय आहे हे तिला माहीत नव्हतं. आता "माहीत नाही" असं लिहायला किती वेळ लागतो? पण नव्याने कारभार हाती आलेल्या माणसाला ते दोन शब्द फार जड जातात. तिने लिहून टाकलं, "खिडकीत चिमणी बसली होती."

पाठवल्यावर ते वाक्य तिला इतकं आवडलं की तिने ते दोनदा वाचलं.

खारूताईचं उत्तर लगेच आलं. "मग तर फारच छान. चिमणीसकट घ्यायला आवडेल." आणि तिने बोली अशी काही वर नेली की बाकीचे तासभर गप्प बसले.

आता खरं तर भिंगरीने नाचायला हवं होतं. पण चोराच्या मनात चांदणं. रात्री अंथरुणात ती त्या चिमणीचा विचार करत राहिली. करता करता चिमणी मोठी होत गेली, खिडकीएवढी झाली, आणि पितळी काट्यांचे पंख हलवत विचारू लागली, मी कुठल्या खिडकीत बसले होते गं? कारखान्याला एकच खिडकी, आणि व्हिडिओ करताना रस्त्याचा आवाज नको म्हणून ती भिंगरी स्वतःच्या हाताने लावून घ्यायची.

शनिवारी सकाळी तिने जुने सगळे व्हिडिओ काढले आणि एकामागून एक ऐकले. थंडीतली पेटी, चिमणी हजर. उन्हाळ्यातला ऑर्गन, चिमणी हजर. दोन वर्षं एकच चिमणी, बंद खिडकीतून, बरोब्बर तालात, आणि कायम अगदी वरच्या सुरांना. फक्त एका व्हिडिओत ती नव्हती. छोटी गोल पेटी, किल्ली देणारा हात मामीचा. त्या दिवशी मामा दाढ काढायला गेला होता.

भिंगरी कारखान्यात जाऊन मामासमोर बसली आणि म्हणाली, "मामा, मोठी पेटी लाव ना. तिसरी चाल."

मामाने किल्ली दिली. पेटीतला वेग आवरणारा पंखा भिरभिरला, सूर ओघळू लागले. भिंगरी पेटीकडे नाही, मामाकडे बघत होती. मामाचे डोळे मिटले. चाल चढत गेली, आणि वरचे सूर जवळ आले तसे त्याचे ओठ अगदी थोडे, फुंकर घालावी तेवढे पुढे आले आणि दातांच्या फटीतून एक बारीक शीळ निघाली. तीन सूर. हुबेहूब. चाल खाली उतरली, ओठ मिटले. मामाच्या चेहऱ्यावर काही केल्याची खूणसुद्धा नव्हती.

तिने खिशातली लिंबाची गोळी काढली. "मामा, ही तोंडात धर."

"का गं?"

"धर तर. आणि परत लाव."

गोळी गालात ठेवून, ओठ मिटून मामाने पेटी पुन्हा लावली. चाल चढली, चढली, आणि जिथे ते तीन सूर यायचे तिथे काहीच आलं नाही. काळोखात जिना उतरताना शेवटची पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं झालं. तीन वेळा. मग खालचे सूर पुन्हा आले, जणू काही घडलंच नाही.

मामा गोळी इकडची तिकडे करत म्हणाला, "वरचे तीन ऐकलेस? पाण्यासारखे लागलेत. चार महिने गेले, पण बघ."

भिंगरीने मान हलवली आणि थेट मागच्या खोलीत मामीकडे गेली. मामी जुन्या स्पंजाच्या पट्ट्या कापत बसली होती. भिंगरीने दार लावलं आणि सगळं सांगितलं, चिमणीसकट.

मामी कात्री खाली ठेवून म्हणाली, "ते शीळ घालतात हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक. आमच्याकडे पहिल्यांदा आले ते जिन्यावरून शीळ घालतच. बाबा म्हणाले, हा टवाळ कोण?"

"अगं मामी, पण त्याला स्वतःला ते ऐकूच येत नाही. शीळही नाही आणि पेटीचे वरचे सूरही नाहीत. त्याला ती चाल आठवते, ऐकू येत नाही."

मामी बराच वेळ स्पंजाच्या पट्टीला गाठी मारत राहिली, आणि स्पंजाला गाठ बसत नसते. मग म्हणाली, "कपडे धुण्याचं मशीन टी टी करत असतं नि हे शेजारी ढिम्म. मला वाटायचं, काम टाळतात."

"मग आता सांगायचं कोणी?"

"तू."

"मीच का? नवरा तुझा."

"नवरा माझा, पण चिमणी कोणाची?"

त्या रात्री भिंगरीने एक पळवाटही काढली: कसलंतरी निमित्त सांगून लिलाव रद्द करायचा, गुपचूप टोकं नीट करून घ्यायची, कोणाला ताकास तूर लागू द्यायची नाही. पण ते मामाला न सांगता होणार कसं? आणि सांगितलं, तर ज्या कानांवर त्याने आयुष्य काढलं ते गेलेत, हे त्याला त्याच्या भाचीने सांगायचं. मामाचा कान ही काय पेटी होती, की फणी काढून टोक बसवलं आणि झालं?

रविवारी जेवणं झाल्यावर ती फोन घेऊन गेली. फोनवर आवाजाच्या रेषा दाखवणारं ॲप होतं, आवाज आला की रेघ उडी मारायची. फोन तिने पेटीला टेकून उभा केला. मग लिंबाची गोळी पुढे केली.

मामाने एकदा तिच्याकडे पाहिलं, गोळी तोंडात टाकली आणि किल्ली दिली.

रेघा नाचू लागल्या. तिसरी चाल चढली. वरच्या तीन सुरांच्या जागी रेघ झोपलेली राहिली. मामाने पेटी थांबवली, पहिल्यापासून लावली. रेघ पुन्हा झोपली. मग त्याने भिंग डोळ्याला लावलं, हाताने रूळ काट्या-काट्याने फिरवला आणि खाली वाकून पाहत राहिला.

"टोकं आखूड पडलीत," तो म्हणाला. "केसभर. काटा बाजूने निसटून जातो. छेडतच नाही." डोळे त्याचे अजून घारीचे होते.

मग त्याने सुई घेतली आणि वरचा शेवटचा दात स्वतः छेडला. फोनवर रेघ टणकन उडाली. मामा वाट पाहत राहिला. पुन्हा छेडला. रेघ पुन्हा उडाली.

"वाजतोय?"

"वाजतोय, मामा."

"मोठ्याने?"

"हो."

फळीवरच्या सगळ्या पेट्या कान देऊन ऐकताहेत असं भिंगरीला वाटलं, आणि लगेच त्या विचाराची लाज वाटली.

"मला वाटलं," मामा सुई पुसत म्हणाला, "हल्ली पाखरंच कमी झालीत. बागेत जातो, तर शुकशुकाट. म्हटलं, गेली कुठे सगळी."

भिंगरीने शिळेचं सांगितलं. आणि एकदा सुरुवात झाली तशी खारूताईचं, चिमणीचं, सगळंच. मामा रागावला नाही, आणि तेच वाईट होतं. त्याने खुर्ची ओढली, फोन घेतला. "वाचणार नाही म्हटलं होतं. आता वाचतो." एक बोट ओळीखालून सरकवत त्याने पहिल्या अक्षरापासून वाचलं. फणी कानाने जुळवली आहे, या शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

"हे काढ."

"मामा, त्या ओळीवर तर लोक येतात. ती काढली तर आपल्याकडून घेणार कोण?"

"मग काय लिहू, चिमणीने जुळवलेली?"

तिला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही, दोन्ही एकदमच, आणि नाक पुसायला काही सापडेना म्हणून मामाने पेट्या पुसायचं फडकं दिलं. त्याला तेलाचा वास होता.

"वाजत नसेल तर वाजत नाही म्हणावं," मामा म्हणाला. "लोक न वाजणाऱ्या पेट्यापण घेतात. चिमणी सांगितलीस ना, ती मात्र कोणी विसरणार नाही. जा, लिही. आणि मला दाखव."

तिने सहा वेळा लिहिलं, पाच वेळा खोडलं. शेवटी राहिलं ते एवढंच: "वरचे तीन दात वाजत नाहीत. व्हिडिओत जे सूर ऐकू येतात, ती दुरुस्त करणाऱ्याची शीळ आहे. त्यांना वरचे सूर ऐकू येत नाहीत, हे आम्हाला आजच कळलं. खिडकीत चिमणी नव्हती. ते मी न पाहता लिहिलं. बोली मागे घ्यायची असल्यास घ्यावी." सोबत गोळीवाला नवा व्हिडिओ. त्यात सुरांच्या जागी तीन खड्डे.

मामाने वाचलं. "ऐकू येत नाहीत" या शब्दांवर बोट जरा रेंगाळलं. मग म्हणाला, "टाक."

चार वाजता टाकलं. सव्वाचारला पहिली बोली मागे गेली. मग पानगळ लागावी तशा एकेक गळत गेल्या. मामी दारात उभी राहून विचारत होती, "किती राहिले?" आणि भिंगरी बोटं दाखवत होती. पाच. तीन. पावणेसहाला खारूताईचा निरोप आला. "मी तीस वर्षं गाणं शिकवलं. ती शीळ आहे हे मला पहिल्या ऐकण्यातच कळलं होतं. तुम्ही काय सांगता ते बघत होते. बोली मागे घेते आहे. दात लागले की कळवा. चिमणीशिवाय."

भिंगरीचे कान लाल झाले. तिने निरोप मामाला मोठ्याने वाचून दाखवला, एक शब्द न गाळता.

"बाई फटकळ आहे," मामी म्हणाली.

"बरोबर आहे," मामा म्हणाला.

सहाला आकडे शून्यावर आले आणि पेटी कोणाचीच झाली नाही. मामा उठला, दिवा जवळ ओढला आणि कमानीतला ताण हळूहळू उतरवू लागला, कारण ताण असताना फणी काढली तर रूळ सुसाट सुटतो आणि एका क्षणात सगळे काटे मोडून पडतात. ताण पूर्ण उतरल्यावर त्याने मळसूत्रं सोडवली, आणि बहात्तर दातांची फणी कापडावर ठेवून भिंगरीला म्हणाला, "स्टूल घे. इकडे, या बाजूला बस."

पुढचे चार दिवस ती शाळेतून येऊन त्या स्टुलावर बसली. जी एका जागी कधी बसायची नाही, ती बसली. मामा टोक बसवायचा, कानस एकदा फिरवायचा, सुईने दात छेडायचा आणि तिच्याकडे बघायचा. ती म्हणायची, "खाली आहे. अजून खाली. आता वर गेला." मामा म्हणायचा, "वर गेला म्हणजे किती?" ती म्हणायची, "थोडासा." मामा म्हणायचा, "थोडासा हे काय माप आहे का? कापड घ्यायला आलीयेस?" एकदा तिने कंटाळून "बरोबर" म्हटलं. मामाने कानस खाली ठेवली आणि नुसता वाट पाहत बसला, तेव्हा तिने पुन्हा ऐकलं आणि कबूल केलं, "नाही. अजून खालीच आहे."

पाचव्या दिवशी फणी परत बसली. मामी हात पुसत येऊन उभी राहिली. मामाने किल्ली दिली आणि स्वतःहून एक गोळी तोंडात टाकली. पहिली चाल गेली, दुसरी गेली, रूळ सरकला. तिसरी चाल सावकाश चढू लागली, आणि भिंगरीने श्वास धरला.

मामा पेटीकडे नाही, तिच्या चेहऱ्याकडे बघत होता.

"लागले?"

"लागले."

"तिन्ही?"

"तिन्ही."

चाल संपेपर्यंत तो थांबला. मग गोळी गालात सरकवून म्हणाला, "कसे आहेत?"

भिंगरीने तोंड उघडलं. जिभेवर दहा सुंदर वाक्यं तयार होती, एकाहून एक चकचकीत. तिने ती सगळी गिळली.

"पहिला, काचेच्या पेल्याला नख लागावं तसा आहे," ती अडखळत म्हणाली. "दुसरा त्याच्यापेक्षा बारीक, पण जवळून आल्यासारखा. आणि तिसरा..."

"तिसरा?"

"तिसरा मला सांगता येत नाहीये. परत लाव ना, मामा. नीट ऐकून सांगते."

मामाने पेटी जवळ ओढली आणि किल्लीला हात घातला.